होमस्टेच्या २८ गुंठे हिरवळीसाठी बसून चालवायचं मोवर: कोणतं घ्यावं?

आगर_वेळणेश्वर

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात वेळणेश्वरजवळ सव्वादोन एकर जागा आहे. घर आणि होमस्टेच्या पुढे २८ गुंठे मोकळी हिरवळ, बऱ्यापैकी सपाट. माती लाल, फक्त समुद्राकडच्या कोपऱ्यात पुळणीची वाळू. हिरवळीत ९ माड आणि २ फणस. घरामागे ५० गुंठ्यांत हापूसची पन्नासेक कलमं, तिथे उतार आहे आणि अधूनमधून कातळ वर आलेला आहे. समुद्र सरळ रेषेत अर्धा किलोमीटर.

सध्या सगळं ग्रासकटरवर चालतं. हिरवळ त्याने एकसारखी होत नाही, पायऱ्या पडल्यासारखी दिसते, आणि पावसात गडी वेळेवर मिळत नाही. म्हणून बसून चालवायचं राइड-ऑन मोवर घ्यायचा विचार आहे. बजेट साडेतीन लाखांपर्यंत.

विचारायचं हे: ३० इंची घ्यावं की ४२ इंची? गिअरचं की हायड्रोस्टॅटिक (गिअर-क्लचऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं)? झिरो-टर्न (जागच्या जागी वळणारं मोवर) आपल्याकडे चालतं का? मागे गवत गोळा करणारी पिशवी हवी का? आणि तेच मशीन कलमांत फिरवता येईल का, म्हणजे बेणणीचा खर्चही वाचेल?

---

जांभादगड

मशीन बघायला जाण्याआधी टेप घेऊन बाहेर पडा. फाटक, उतार आणि अडथळे ही तीन मापं हातात असली की निम्मी मॉडेलं आपोआप गळतात.

फाटक: ४२ इंची म्हणजे पात्यांच्या कापाची रुंदी. डेकच्या (पात्यांवरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) बाजूला गवत फेकणारं जे झाकण असतं ते धरून एकूण रुंदी ५० इंचांच्या वर जाते. फाटक चार फुटी असेल तर झाकण वर दुमडल्याशिवाय मशीन आत जाणार नाही, आणि गडग्याच्या चिऱ्याला घासलं की पहिलं तेच तुटतं. मागे गवत टाकणारं डेक असेल तर ही अडचण येत नाही.

उतार: गवंड्याची १० फुटी पट्टी आणि पाणसळ घ्या. पट्टीचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, दुसरं टोक उचलून पट्टी पाणसळीत आणा, आणि उचललेल्या टोकाखालची उंची मोजा. १ फूट ९ इंच भरली तर १० अंश, २ फूट ८ इंच भरली तर १५ अंश. बहुतेक कंपन्या बसून चालवायच्या मशीनला १५ अंशांच्या वर नेऊच नका म्हणतात, काही तर १० वरच थांबवतात. तोही आकडा कोरड्या जमिनीचा. पावसात भिजलेल्या लाल मातीवर मी १० अंशांच्या वर कोणालाही जायला सांगणार नाही. उतारावर हे मशीन सरळ वर आणि सरळ खाली चालवायचं, आडवं नाही. ढकलत चालवायच्या मोवरचं बरोबर उलट, ते आडवं चालवायचं, म्हणजे पाय घसरला तरी माणूस पात्याखाली येत नाही.

झिरो-टर्नचं उत्तर यातच आहे. त्याची पुढची चाकं नुसती फिरती असतात, त्यांना स्टिअरिंग नसतं. वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या दोन चाकांच्या पकडीवर. ओल्या उतारावर मागचं चाक घसरलं की वळणही गेलं आणि ब्रेकही गेला. सपाट, कोरड्या, मोठ्या मैदानाला ते उत्तम यंत्र आहे. तुमच्याकडे नको.

अडथळे: झाडं, दिव्यांचे खांब, पाण्याचे कॉक, चेंबरची झाकणं, बसायचे बाक. कागदावर नकाशा काढून सगळे मांडा. दोन अडथळ्यांमधून डेक न अडखळता जायचं तर कापाच्या रुंदीपेक्षा निदान दोन फूट जास्त जागा लागते.

आता वेळेचा हिशेब. २८ गुंठे म्हणजे सुमारे २८३० चौरस मीटर. ४२ इंची डेक, ताशी ५ किमी वेग, ओळी थोड्या एकमेकींवर चढवून आणि वळणांचा वेळ धरून तासाला साधारण ३५०० चौरस मीटर होतात. म्हणजे ५० मिनिटं. ३० इंचीला तेच काम ७० मिनिटांचं. फरक वीस मिनिटांचा, एवढाच. त्या वीस मिनिटांसाठी मोठं मशीन घ्यायचं की लहान मशीन घेऊन माडांभोवती सुटसुटीत फिरायचं, हे नकाशा बघून ठरवा.

---

छोटीइंजिनं_कुडाळ

जांभादगड यांच्याशी सहमत. मी दुरुस्तीच्या बाजूने सांगतो, कारण किनाऱ्यावर मशीन कापून कापून संपत नाही, गंजून संपतं.

डेक: पत्रा किती जाड आहे ते विचारा. दाबून बनवलेलं डेक साधारण २ ते २.५ मिमीचं असतं, प्लेट कापून वेल्ड केलेलं ३ मिमीच्या पुढे. खाऱ्या हवेत आणि ओल्या गवतात हा फरक चार-पाच पावसाळ्यांत दिसतो. ओलं गवत डेकच्या पोटाला चिकटतं, आंबतं, त्याखाली रंग फुगतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो. वरून मशीन नवं दिसतं आणि खाली बोट आरपार जातं. नवं मशीन आणल्यावर पहिल्याच आठवड्यात डेक उतरवून आतल्या बाजूला इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर एनॅमल द्या. जळकं ऑइल फासायची पद्धत आहे, ती नको. त्यावर माती बसते आणि हिरवळीवर ठिपके पडून गवत जळतं.

डेक धुण्यासाठी सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप वापरू नका. पाणी थेट स्पिंडलच्या (पातं ज्या दांड्यावर फिरतं त्याच्या) बेअरिंगमध्ये शिरतं. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने गवत खरवडा, साध्या नळीने गोडं पाणी मारा आणि मग दोन मिनिटं पाती फिरवून डेक सुकवा. खरवडताना प्लगची वायर काढलेली असलीच पाहिजे.

बेअरिंग: बऱ्याच डेकमध्ये स्पिंडलला ६२०३ किंवा ६२०४ नंबरचं बेअरिंग असतं, ते चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ कुठेही मिळतं. मात्र बदलताना टू-आरएस, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबर सीलचं मागा. झेडझेड म्हणजे पत्र्याच्या झाकणाचं. ते आपल्या पावसात टिकत नाही, पाणी आत जातं आणि ग्रीस वाहून जातं. डेक बंद असताना पातं हाताने फिरवून बघा (हातमोजे घालून, प्लगची वायर काढून). खरखर जाणवली किंवा पात्याचं टोक वर-खाली हललं तर बेअरिंग गेलं समजा. आवाज येईपर्यंत थांबलात तर स्पिंडलचं घरही झिजतं, आणि तो सुटा भाग मागवायला लागतो.

माडाखाली चालणाऱ्या मशीनमध्ये एक दुखणं हमखास असतं. झावळीचे हीर, सोडणाचा काथ्या आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुंपणाला बांधलेल्या जुन्या मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा. तो पात्याच्या वर स्पिंडलला गुंडाळला जातो, फिरून फिरून तापतो आणि वितळून सील कापतो. वरून काही दिसत नाही. दर दुसऱ्या-तिसऱ्या कापणीला पात्याच्या वरच्या फटीत बघायचं आणि असेल तो दोरा कात्रीने कापून काढायचा. कापणीआधी नारळ, झावळ्या आणि दोऱ्याचे तुकडे उचलणं याला पर्याय नाही.

हायड्रोस्टॅटिक घ्या. माडांभोवती सतत मागे-पुढे करावं लागतं आणि गिअरच्या मशीनला दर वेळी क्लच दाबावा लागतो, त्यात ड्राइव्हचा बेल्ट झिजतो. पण एक समजून घ्या: घरगुती मशीनमधला हायड्रोस्टॅटिक संच हलका आणि बहुतेक वेळा सीलबंद असतो. त्याच्यावरचा छोटा पंखा गवताने गच्च झाला, किंवा मागे ट्रॉली लावून शेणखत आणि चिरे चढावर ओढले, की आतलं तेल तापतं, पातळ होतं आणि मशीन गरम झाल्यावर चढच घेत नाही. थंड झाल्यावर परत चालतं, म्हणून मालकाला वाटतं दुरुस्त झालं. तो शेवटाचा आरंभ असतो. सपाटीवर रिकाम्या नारळांची हलकी ट्रॉली ठीक, चिरे नाहीत.

बेल्ट: डेकचा बेल्ट पिठाच्या गिरणीच्या बेल्टसारखा दिसतो, आणि त्या मापाचा साधा बेल्ट दुकानात मिळतोही. तो घालू नका. मोवरचा बेल्ट अरॅमिड दोऱ्याचा असतो, कारण त्याला क्लचसारखं घसरून पकडावं लागतं आणि उलट बाजूनेही पुलीवर वळावं लागतं. साधा बेल्ट थोड्याच दिवसांत ताणला जातो किंवा उलटतो. मशीनबरोबरच मूळ बेल्ट, पात्यांचा एक जादा जोड, एअर फिल्टर आणि ऑइल फिल्टर घेऊन ठेवा. ऐन जुलैत पार्सलची वाट बघायला लागली तर हिरवळीचं रान होतं.

विक्रेत्याला मॉडेल सोडून पहिला प्रश्न हा विचारा: स्पिंडल, डेकचा बेल्ट आणि पात्यांचा इलेक्ट्रिक क्लच तुमच्या गोदामात आत्ता आहे का? पार्ट नंबरसकट लेखी द्या म्हणा. हे देणारा विक्रेता थोडा महाग असला तरी त्याच्याकडूनच घ्या.

---

कलमवाला_देवगड

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. कलमांत राइड-ऑन फिरवू नका.

पहिलं कारण कातळ. या मशीनच्या पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ८०-९० मीटरच्या घरात असतो. गवतात लपलेल्या जांभ्याच्या टेकाडावर पातं आदळलं की पातं वाकतं, ते परवडलं. पण स्पिंडलचा दांडा वाकला, तर मोठं काम निघतं. सुटा खडा उडाला तर तो होमस्टेच्या काचेपर्यंत सहज जातो. दुसरं, कलमांच्या फांद्या चालवणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीवर असतात आणि माणसाचं लक्ष खाली गवताकडे असतं. तिसरं, झाडांभोवती खणलेली आळी आणि ठिबकच्या नळ्या. चौथं, पावसाअखेर तिथे कमरेएवढं गवत, टाकळा आणि रानमोडी असते. हे मशीन तीन-चार इंच गवत दोन इंचांवर आणण्यासाठी बनवलेलं आहे, रान तोडण्यासाठी नाही.

तिथे ग्रासकटरच. ३५ ते ४० सीसी, खांद्याला दुहेरी पट्ट्याचा. फोर-स्ट्रोक घेतलात तर तेल मिसळायची कटकट नाही, पण त्यात तेल जेमतेम १०० मिली मावतं, ते रोज सकाळी बघावं लागतं. टू-स्ट्रोक असेल तर मिश्रण मॅन्युअलप्रमाणे. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. "थोडं जास्त तेल घातलेलं बरं" हा समज सायलेन्सर चोंदवतो आणि प्लग काळा करतो. कमी तेल पिस्टन धरतं.

कापायचं काय ते बघून पातं. उंच गवत आणि लाजाळूला तीन दाती. रानमोडीच्या लाकडी खोडाला ८० दाती गोल पातं. जिथे कातळ वर आहे तिथे ३ मिमी नायलॉन दोरी, तिथे लोखंडी पातं घालूच नका. लहान कलमांच्या बुंध्याभोवती फूटभर जागा विळ्याने हातानेच साफ करायची. नायलॉन दोरी सालीला चाटून गेली की ती जखम दिसत नाही, पण तिथून रोग आणि खोडकिडा आत जातो.

पातं वरून बघितल्यावर डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे झाडत कापायचं. पात्याच्या पुढच्या-उजव्या भागाने खोडाला किंवा दगडाला कधीच भिडायचं नाही, तिथूनच कटर उसळी मारतो. गमबूट, जाळीचा चेहरा आणि कानाला आवाजरोधक, तिन्ही. आजूबाजूला १५ मीटरमध्ये माणूस नको. आणि फुरसं आपल्याकडे कातळाच्या फटीत असतंच, त्यामुळे चपलेवर कापणी करणाऱ्याला कामाला लावू नका.

ऑगस्टअखेर एक कापणी आणि पाऊस संपता संपता ऑक्टोबरमध्ये दुसरी. कापलेलं गवत आळ्यात पसरायचं, बुंध्याला टेकवायचं नाही. हद्दीच्या बाजूने १० ते १५ फूट रुंद पट्टा डिसेंबरच्या आत अगदी जमिनीलगत साफ ठेवा आणि त्यातलं सुकं गवत उचलून आत आणा. वणवा शेजारच्या सड्यावरून येतो आणि नुसतं कापून तिथेच टाकलेलं गवत त्याला वाटच करून देतं.

ब्रश कटरसाठी (म्हणजे याच ग्रासकटरसाठी) राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाखाली अर्ज करता येतो. सातबारा तुमच्या नावावर असेल तर बघा. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केलीत तर अनुदान मिळत नाही.

---

आगर_वेळणेश्वर

खूप उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. मापं घेतली. फाटक ४ फूट २ इंच. हिरवळीत सगळ्यात जास्त उतार समुद्राकडे, १० फुटांना ११ इंच. कलमांत ३ फुटांपर्यंत, म्हणजे तो विषय संपला. माडांमधलं कमीत कमी अंतर १९ फूट, पण दोन ठिकाणी बाक आणि माड यांच्यात ५ फूटच आहेत. बाक हलवता येतील.

पिशवीचं आणि पावसात कापण्याचं कोणी सांगेल का? जुलैत आठ-आठ दिवस उघडीप नसते, तेव्हा काय करायचं?

---

हिरवळ

तुमच्या उताराचा कोन ५ अंशांच्या आसपास आला, काही अडचण नाही. पण तुम्ही शेवटी विचारलंत तो प्रश्न खरं तर पहिला असायला हवा. आपल्याकडे गवत सगळ्यात जोरात वाढतं ते नेमकं ज्या दिवसांत जड मशीन जमिनीवर न्यायचं नसतं त्या दिवसांत.

४२ इंची ट्रॅक्टर पद्धतीचं मशीन २०० किलोच्या आसपास भरतं, वर माणूस. लाल माती पाण्याने भरलेली असताना त्याची चाकं चाकोऱ्या पाडतात. त्या चाकोऱ्या ऑक्टोबरमध्ये चिऱ्यासारख्या कडक होतात, मग पुढचं वर्षभर डेक त्यात एका बाजूला बसतं आणि उंचवट्यावरची हिरवळ मुळासकट सोलली जाते. म्हणून चालवायच्या आधी टाचेने दाबून बघा. टाचेच्या खड्ड्यात पाणी वर आलं तर मशीन बाहेर काढायचं नाही. पुळणीच्या कोपऱ्यात पाणी तासा-दोन तासांत जिरतं, लाल मातीत सलग उन्हाचे पाच-सहा तास तरी लागतात.

त्यामुळे माझं मत थोडं वेगळं आहे. २८ गुंठ्यांसाठी २१ इंची, स्वतः चालणारं, मागून चालवायचं मोवर पुरतं. वजन ३५-४० किलो, चाकोऱ्या पडत नाहीत, अर्धवट उघडिपीतही कापता येतं. २८ गुंठ्यांना सव्वादोन तास. एका सकाळीत पुढचा भाग, दुसऱ्या सकाळीत मागचा. साडेतीन लाखांचा एक पंचमांशही जाणार नाही.

राइड-ऑन घेतलंतच तर या गोष्टी पाळा.

उंची: एरवी दोन-अडीच इंच, जून ते सप्टेंबर तीन इंच. उंच पात्यामुळे चाकोऱ्यांत सोललं जाणं कमी होतं आणि जास्त पानामुळे मूळ खोल राहतं. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका. तीन इंच ठेवायचं असेल तर साडेचार इंच झालं की कापायला हवं, म्हणजे जोरात वाढ असताना पाच-सात दिवसांनी. पाऊस लांबला आणि गवत आठ इंच झालं तर एकदम तीनवर आणू नका. आधी डेक सगळ्यात वर ठेवून एक फेरी, दोन-तीन दिवसांनी दुसरी.

पिशवी नको. ओलं गवत नळीत अडकतं, दर दहा मिनिटांनी उतरून मोकळी करावी लागते, आणि भरलेली ओली पिशवी मागे लटकली की चढावर पुढची चाकं हलकी होतात. बारीक करून तिथेच टाकणारी मल्चिंगची झाकणं नोव्हेंबरनंतर लावा. पावसात बाजूने फेकू द्या. फेऱ्या अशा घ्या की गवत आधीच कापलेल्या भागावर पडेल, अजून न कापलेल्या भागावर नाही. न कापलेल्यावर पडलं तर तेच गवत पुन्हा पात्याखाली येतं आणि डेक भरतं.

दर वेळी ओळींची दिशा बदला. एकाच चाकोरीतून सतत गेलात तर माती दाबली जाऊन तिथे शेवाळ धरतं.

गवत कोणतं आहे तेही सांगा. हरळी असेल तर खाऱ्या वाऱ्यात उत्तम टिकते आणि खाली कापलेली सोसते. रुंद पानाचं कार्पेट गवत माडाच्या सावलीत चांगलं, पण दीड इंचाच्या खाली आणलं की पिवळं पडतं.

---

छोटीइंजिनं_कुडाळ

हिरवळ यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण सव्वादोन तास मोवरमागे चालणारा माणूस मिळत नाही ही मूळ अडचण आहे. ऑक्टोबरच्या उन्हात तर नाहीच. माझा सल्ला: ३० ते ३८ इंची, हायड्रोस्टॅटिक, शक्यतो मागे इंजिन असलेलं किंवा आखूड ट्रॅक्टर. फाटकातून जाईल, बाकांमधून जाईल, वजन कमी. ४२ चा हट्ट सोडा. आणि ऐन पावसासाठी एक साधं २१ इंची जवळ असू द्या, ते माडांच्या बुंध्यालगतही उपयोगी पडतं. बजेटमध्ये दोन्ही बसायला हवीत.

डिलिव्हरीच्या दिवशी सही करण्याआधी हे बघा. चारही टायरची हवा मोजा, पुढे १२-१४ आणि मागे १० पीएसआयच्या आसपास असते, नेमका आकडा टायरवर किंवा मॅन्युअलमध्ये. कारखान्यातून बऱ्याचदा जास्त भरून येते. एका बाजूला दोन-तीन पीएसआयचा फरक असला तरी हिरवळ तिरकी कापली जाते आणि लोक डेकला दोष देतात. मग सपाट फरशीवर पात्यांची टोकं मोजा. डावी-उजवी सारखी, आणि पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते १० मिमी खाली. सीटवरून उठल्यावर इंजिन बंद पडतं का, पात्यांचा क्लच लावलेला असताना स्टार्टर फिरतो का (फिरता कामा नये), हे दोन्ही समोर करून दाखवायला सांगा.

हे सीटखालचे आणि ब्रेकचे स्विच खाऱ्या हवेत हिरवे पडतात. मशीन मध्येच बंद पडायला लागलं की कोणीतरी स्विचच्या वायरी एकमेकींना जोडून देतो. तसं करू देऊ नका. खड्ड्यात माणूस सीटवरून उडाला तरी पाती फिरत राहतात, आणि तुमच्याकडे पाहुण्यांची मुलं अंगणात असतात. जोड काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, डायइलेक्ट्रिक ग्रीस भरून परत बसवा. वर्षातून एकदा, मे महिन्यात.

पात्यांना २०-२५ तासांनी धार. कानशीने किंवा ग्राइंडरने ३० अंशांच्या आसपास, वस्तऱ्यासारखी पातळ नको, लगेच मुडपते. ग्राइंडरने निळं पडेपर्यंत तापवू नका. मग भिंतीत खिळा ठोकून पातं मधल्या भोकात अडकवा. एक बाजू खाली गेली तर त्या बाजूच्या मागच्या कडेला थोडं घासा, धारेला नाही. तोल नसलेलं पातं वर सांगितलेल्या बेअरिंगचा जीव घेतं. पानांची टोकं दुसऱ्या दिवशी पांढुरकी, फाटल्यासारखी दिसली तर धार गेली, तास मोजत बसू नका.

कापताना थ्रॉटल पूर्ण ठेवा. गवत दाट असेल तर पुढे जायचा वेग कमी करा, इंजिनाचा नाही. इंजिन वाऱ्याने थंड होतं, कमी फेऱ्यांवर वाराही कमी आणि पात्याची उचलही कमी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुक्या गवताचा भुसा इंजिनावरच्या जाळीवर बसतो, तो दर कापणीनंतर ब्रशने काढा.

---

आगर_वेळणेश्वर

गवत बहुतेक हरळी, माडांखाली रुंद पानाचं. ३० ते ३८ इंची हायड्रोस्टॅटिक आणि एक २१ इंची, असं कोटेशन मागवतो. शेवटचा प्रश्न: डिसेंबर ते मे वापर अगदी कमी, महिन्यातून एखादी फेरी. तेव्हा मशीन ठेवायचं कसं? पेट्रोल टाकीत राहिलं तर चालतं का?

---

छोटीइंजिनं_कुडाळ

पेट्रोल राहू देऊ नका. पंपावर आता बहुतेक ठिकाणी ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि बऱ्याच छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलला परवानगी असते. तेव्हा खरेदीच्या वेळी ई-२० चालतं का ते विक्रेत्याकडून वॉरंटीवर लेखी घ्या. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही. पाणी तळाशी बसतं, कार्ब्युरेटरच्या वाटीत जातं, जेटवर पांढरी-हिरवी भुकटी जमते. मग इंजिन चालू होतं पण आवाज सारखा वर-खाली होतो.

महिनाभराच्या वर उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, आणि वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढा. महिन्यातून एक फेरी मारणार असाल तर लागेल तेवढंच, लिटर-दीड लिटर, ताजं आणा. कॅन जवळजवळ भरलेला आणि घट्ट बंद असावा. अर्ध्या कॅनमधली हवाच ओल देते.

ऑइल नव्या मशीनचं पहिल्या ५ ते ८ तासांत बदला, पुढे ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. वर्षातले तास कमी भरले तरी मेअखेर बदलाच. बॅटरीची ऋण वायर काढून ठेवा. १२.४ व्होल्टच्या खाली आली की चार्ज करा.

ताडपत्रीत गुंडाळून उघड्यावर ठेवू नका, आत दव धरतं आणि मशीन बाहेरच्यापेक्षा जास्त गंजतं. हवा खेळती असलेला मांगर (शेड), खाली फळ्या, वर सुती चादर. उंदीर इंजिनाच्या झाकणाखाली घर करतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून चालू करायच्या आधी वरचं झाकण काढून बघायचं. कुंभारमाशी सायलेन्सरच्या तोंडात आणि टाकीच्या झाकणाच्या भोकाजवळ मातीचं घर बांधते. सायलेन्सरला कापडाचा बोळा घाला, त्याला लाल फडकं बांधा म्हणजे काढायला विसरणार नाही. आणि मशीन सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत बंद पडत असेल, थोडं थांबल्यावर परत चालू होत असेल, तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी टाकीचं झाकण अर्धा आटा सैल करून बघा. सैल केल्यावर चालत राहिलं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. ते सुईने मोकळं करा.